फवारणीवाल्याच्या गुलाबांवर मी

मी एक ढालकिडा बोलतेय. बोलतेय, बोलतोय नव्हे. माणसांनी आमच्या साऱ्या जातीला पुरुषी नाव देऊन टाकलं, पण मी मादी आहे आणि आजवर चारशेच्या वर अंडी घातली आहेत, तेव्हा या बाबतीत माझ्याशी वाद नको. गोल पाठ, तांबडा रंग, त्यावर सात काळे ठिपके. तुम्ही मला पाहिलं असेल. लहान मुलांच्या बोटावर चढते आणि नखाच्या टोकावरून भुर्रकन उडून जाते, तीच. फक्त मी उडत नाही. का, ते सांगते.

माझा जन्म कीटक वाढवण्याच्या एका खोलीत झाला. तिथे मांडण्यांवर जाळीचे पिंजरे होते, पिंजऱ्यांत घेवड्याची कोवळी रोपं आणि रोपांवर मुद्दाम पोसलेला मावा. मावा म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे, मऊ किडे. कोवळ्या शेंड्यांना सोंड लावून रस पीत बसतात. तेच आमचं अन्न. तिथे काम करणारी बाई रोज सकाळी वाकून विचारायची, ‘‘जेवलात का गं सगळ्या?’’ आपली तीन मुलं कधी इतक्या मुकाट्याने जेवत नाहीत, असं ती सोबतिणीला सांगायची.

लहानपणी मी मुळीच देखणी नव्हते. लांबट, काळी, अंगभर काटे असलेली अळी. भूक तर अशी, की सांगायला लाज वाटते. एकदा मावा कमी पडला तेव्हा मी शेजारची दोन अंडीसुद्धा खाल्ली. आमच्यात हे चालतं, पण म्हणून ते चांगलं होत नाही. मग एके दिवशी शेपटीने पानाला चिकटले, पाच-सहा दिवस कोषात गप्प राहिले आणि बाहेर आले ती फिकट पिवळी. तांबडा रंग आणि ठिपके सावकाश उमटले.

पुढे आम्हा तीनशे जणांना एका पुठ्ठ्याच्या डब्यात, कागदाच्या कात्रणांत भरलं. त्याआधी थंड कपाटात ठेवलं होतं, म्हणजे आम्ही सुस्तावतो. झाकण लावताना त्या बाईची जरा घाई झाली आणि माझा डावा पंख कडेत सापडून मुरगळला. तिला कळलंही नाही. मी तिच्यावर राग धरलेला नाही. तीनशेंतल्या एकीचं दुखणं कोणाला दिसणार?

डबा उघडला तो एका बैठ्या घराच्या मागच्या अंगणात. उघडणारे हात जाड, डागाळलेले होते. हे या घरातले वडील. एका मोठ्या रोपवाटिकेत त्यांनी एकतीस वर्षं औषध फवारण्याचं काम केलं होतं, म्हणून सारी गल्ली त्यांना पंपवाले म्हणायची. त्या औषधाने शेवटी त्यांचीच छाती धरली. चार पावलं चालले की खोकला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुन्हा पंप पाठीला लावलात तर माझ्याकडे येऊ नका. तरी पंप टाकवत नव्हता. मागच्या खोलीत तो मेणकापडात गुंडाळून ठेवलेला होता.

भिंतीला लागून त्यांचे बारा गुलाब होते, फांद्या एकमेकांत गुंतलेले. रोपवाटिकेने कचऱ्यात फेकलेली मरतुकडी कलमं त्यांनी वर्षानुवर्षं एकेक करून घरी आणली आणि जगवली. त्या वर्षी बाराही झाडांवर मावा चढला. कळ्या उमलायच्या आधीच वाकड्या होऊन गळू लागल्या. पंपवाले दिवसातून दहा वेळा मागच्या खोलीच्या दाराकडे बघायचे, आणि त्यांच्या लेकीला ते दिसायचं.

लेक चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम करायची. आई नसलेल्या घरात ती आणि बाबा, दोघंच. तिनेच कुठेतरी वाचून आम्हाला मागवलं होतं. तेव्हा बाबा म्हणाले होते, आयुष्यभर किडे मारले, आता म्हातारपणी पाळायचे का. ती हसली नाही. डबा आला तर मी येईपर्यंत उघडू नका, संध्याकाळी झाडांवर पाणी शिंपडून मग यांना सोडायचं असतं, एवढं ती सकाळी बजावून गेली होती.

पंपवाल्यांनी भर दुपारी डबा उघडला. झाडांच्या बाबतीत लेकीचं ऐकायचं म्हणजे त्यांना कसंसंच होत असावं. उन्हाने आमची सुस्ती उतरली, तहान लागली, पानांवर तर पाण्याचा थेंब नव्हता. बघता बघता जवळजवळ सगळे उडाले आणि भिंतीपलीकडे गेले. मीही पंख उघडले. उजवा उघडला, डावा अडकला. मी आपटले ती थेट पहिल्या गुलाबाच्या बुंध्याशी.

संध्याकाळी लेकीने झाडं पाहिली. आम्ही मोजून अकरा उरलो होतो. रागवायच्या ऐवजी तिने रिकामा डबा उचलून नीट आत ठेवला, आणि तेच त्यांना जास्त लागलं. त्यांनी ताट तसंच सारलं. मी खिडकीखाली, बुंध्याशीच होते; ताट सरकल्याचा आवाज मला आला.

उडता येत नाही म्हटल्यावर मी चालायचं ठरवलं. झाडावर पोचायचं, खायचं, अंडी घालायची. दुसरं काही मला येतही नाही. पण वाटेत मुंग्या होत्या. मावा गोड चिकटा सोडतो, तो चाटायला मुंग्या येतात आणि गुराख्यांसारखी माव्याची राखण करतात. आमच्यातल्या एकाला त्यांनी पायाला धरून माझ्यादेखत ओढून नेलं. माझ्याही पाठीवर चौघी चढल्या. मी पाय पोटाशी घेतले, ढालीसारखी पानाला चिकटून बसले आणि गुडघ्यांतून तो आमचा कडू पिवळा रस सोडला. त्या तोंड पुसत माघारी गेल्या. मी दोन पावलं पुढे सरकले. त्या पुन्हा आल्या. त्या एका फांदीसाठी मला सकाळपासून दुपार झाली, पण मी शेंडा गाठला.

मग मी खायला बसले. दिवसाला पन्नास, कधी साठ. पानांच्या मागे पिवळी अंडी उभी करून ठेवली, वीस-वीसचे झुबके. चार दिवसांनी त्यांतून माझी पिल्लं निघाली आणि शेंड्यांकडे धावली. आता झाडं वाचणार, असं मला वाटलं.

आणि नेमकी हीच पिल्लं पंपवाल्यांच्या नजरेला पडली. काळ्या, काटेरी, झपझप चालणाऱ्या अळ्या, प्रत्येक फांदीवर. माव्याच्या जोडीला आणखी एक रोग आला, असं त्यांना वाटलं. लेक कामावर गेली होती. ते मागच्या खोलीत गेले. मेणकापड उलगडल्याचा आवाज आला, मग नळाचा. तोंडाला फडकं बांधून ते बाहेर आले तेव्हा पंप त्यांच्या पाठीवर होता आणि त्याच्या वजनाने ते डावीकडे झुकले होते.

मी पानाच्या मागे, नव्या अंड्यांशेजारी होते. पळता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी अंडी कुठे नेणार? मी अंड्यांवर अंग टाकलं. त्याचा काही उपयोग नव्हता, हे मला माहीत होतं.

पण पंपवाले मुळात कसलेले कामगार होते. कीड ओळखल्याशिवाय औषधाचं माप ठरवायचं नाही, ही त्यांची जुनी सवय. त्यांनी फांदी धरली, पान उलटं केलं आणि खिशातून लेकीचं डोळ्याला लावायचं भिंग काढून वाकले. माझ्या पिल्लाने एक मावा दोन्ही जबड्यांत धरून वर उचलला होता आणि ते त्याचा रस शोषत होतं. मावा पाय झाडत होता. हळूहळू त्याची नुसती साल उरली. पिल्लाने ती टाकली आणि दुसरा धरला.

पंपवाले तसेच वाकून राहिले. दुसरं पान पाहिलं. तिसरं पाहिलं. मग त्यांनी पाठीवरचा पंप उतरवला आणि त्याच्याच शेजारी जमिनीवर बसले. लेक घरी आली तेव्हाही ते तिथेच होते. भरलेला पंप बघून तिच्या हातातली पिशवी खाली पडली.

‘‘मारलं नाही,’’ ते म्हणाले. ‘‘हे कोण आहेत, तेवढं सांग.’’

‘‘बाबा, ती त्यांचीच पिल्लं आहेत. त्या डब्यातल्यांची.’’

त्यांनी पुन्हा एकदा त्या पानाकडे पाहिलं. मग आपल्या हातांकडे बघत म्हणाले, ‘‘एकतीस वर्षं मी हीच मारली गं. यांनाच रोग समजून.’’

लेक त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. तिने त्यांची समजूत घातली नाही की तुम्हाला कुठे माहीत होतं म्हणून. तिने फक्त त्यांच्या तोंडाचं फडकं सोडलं, कारण त्यांना श्वास पुरत नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून त्या माणसाने जी कंबर कसली, ती मी विसरणार नाही. प्रत्येक बुंध्याला त्यांनी जुन्या कापडाची पट्टी बांधली आणि तिला चिकट ग्रीस फासलं, म्हणजे मुंग्या वर चढू नयेत. रोज संध्याकाळी ते हाताने पानांवर पाणी शिंपडायचे. खोकला आला की भिंतीला टेकायचे आणि पुन्हा सुरू करायचे. शेजारी विचारायचे, पंपवाले, औषध मारताय का. ते म्हणायचे, नाही, पाहुण्यांना पाणी देतोय.

बारापैकी दोन गुलाब गेले. त्यांना आमची मदत उशिरा पोचली. उरलेले दहा फुलले.

फुलं आल्यावर पंपवाले अंड्यांचं एक पान घेऊन जुन्या रोपवाटिकेत गेले. तिथल्या मुकादमाने त्यांना हसून वाटेला लावलं. पण फवारणी करणाऱ्यांतल्या एका बाईने फाटकापर्यंत येऊन सगळं पुन्हा विचारून घेतलं, आणि तिने नेलेल्या पानावर माझी सतरा अंडी होती. हे सारं ते लेकीला सांगत होते. दर आठवड्याला पुन्हा जायचं, असं त्यांनी ठरवलंय. मुकादम हसला तर हसू दे म्हणाले, माझं तिथे एकतीस वर्षांचं देणं आहे.

आता मी म्हातारी झाले आहे. माझा तांबडा रंग विटलाय, मागचा एक पाय ओढत चालते. माझी बरीचशी पोरं उडून गेली, आणि जावीतच. मला त्यांचं उडणं बघायला आवडतं.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. थंडी आली की आमची जात वाळक्या पानांखाली अंग चोरून पडते. अंगणाच्या एका कोपऱ्यातला पाचोळा तेवढा झाडू नका. तुम्हाला तो कचरा दिसेल, त्याखाली पुढच्या वर्षीची राखण झोपलेली असते.

आता निघू द्या मला. सातव्या गुलाबाच्या वरच्या शेंड्यावर काल नवा मावा आलाय. माझी चाल सावकाश आहे, आणि उजेड आहे तोवर मला तिथे पोचायचंय.