उजव्या हातात डावा

मी एक हातमोजा बोलतोय. डाव्या हाताचा. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण ज्यानं मला विकत घेतलं त्याच्या ते फार उशिरा लक्षात आलं.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तळव्याला खरखरीत राखाडी चामडं, पाठीला काळं गुळगुळीत कापड, आत मऊ अस्तर. अंगठ्याच्या बुडाशी चामड्यावर एक तपकिरी ठिपका आहे. तसाच ठिपका माझ्या जुळ्या भावालाही आहे, उजव्या हातमोज्याला, कारण आम्ही दोघं एकाच कातड्यातून निघालो. शिवणाऱ्या बाईंनी आम्हाला शेजारी शेजारी ठेवलं होतं. पण जोड्या बांधणारी मुलगी त्या दिवशी मैत्रिणीला आपल्या होणाऱ्या सासूबद्दल सांगत होती. सासू रंगात आली, आणि मुलीनं दोन डावे एका दोऱ्यात बांधले, दोन उजवे दुसऱ्या दोऱ्यात. वर पुठ्ठा टोचला, किंमत चिकटवली, झालं.

आम्ही सगळे बर्फाच्या डोंगराखाली एका दुकानात येऊन पडलो. हिवाळ्यात तिथे लोक पायाला पट्ट्या बांधून बर्फावरून घसरायला येतात. घसरण्यासाठी माणसं पैसे मोजतात, हे मला आजही नीटसं समजलेलं नाही. चांगले हातमोजे काचेच्या कपाटात होते, आम्ही दाराबाहेरच्या टोपलीत. टोपलीवर पाटी होती, ‘घेतलेला माल परत होणार नाही’.

भावाची जोडी त्या मोसमाच्या शेवटी विकली गेली. मी टोपलीच्या तळाशी होतो, त्यामुळे घेणाऱ्याचा चेहरा दिसला नाही. दुकानदारानं घालून बघा म्हटलं तेव्हा त्याचा आवाज मात्र ऐकू आला, की मी बर्फातच म्हातारा झालोय, मला काय घालून बघायला सांगता.

मला पुढच्या हिवाळ्यात मालक मिळाला. पोरगा एका गरम गावातून आला होता. तिकडे तो पंक्चर काढायचा. इथे मोसमभर पाळण्याच्या लिफ्टवर काम मिळालं होतं. लिफ्ट म्हणजे तारेला टांगलेल्या खुर्च्या, सतत फिरणाऱ्या. त्या लोकांना उचलून डोंगरावर नेतात. नोकरीचा अर्ज त्याच्या ताईनं भरला होता आणि तिच्या नव्या फ्रिजचे पैसे त्याच्या विमानाच्या तिकिटात गेले होते.

जाकीट, विजार आणि हेल्मेट कंपनी देते, अनामत रक्कम पगारातून कापून. हातमोजे ज्याचे त्यानं आणायचे. त्यानं काचेच्या कपाटातली किंमत वाचली. मग पुन्हा वाचली, शून्य चुकून जास्त पडलं असेल म्हणून. मग तो टोपलीकडे वळला. वर मीच होतो. त्यानं मला डाव्या हातात घालून पाहिलं, मी चपखल बसलो. दोरा कापून दुसराही घालून बघायचा होता त्याला, पण कात्री मागायची तर दुकानदाराशी बोलावं लागलं असतं. तो लाजला आणि पैसे देऊन निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टखाली त्यानं दोरा दातानं तोडला. डाव्या हातात माझा सोबती गेला. उजव्या हातात मी गेलो आणि काहीतरी टोचल्यासारखा तो थांबला. अंगठा अंगठ्यात बसला होता, पण माझा तळवा त्याच्या हाताच्या पाठीवर आला होता. माझी बोटं पुढे वाकायला शिवलेली, त्याची वाकायची मागच्या बाजूला. त्यानं हात उलटा केला, सुलटा केला, दोन्ही हात शेजारी धरले. मग हळूच इकडेतिकडे बघितलं आणि कामाला लागला.

आता लिफ्टवरचं काम म्हणजे काय, तर येणारी खुर्ची एका हातानं धरून जरा थोपवायची, म्हणजे ती लोकांच्या गुडघ्यामागे आपटत नाही, अलगद लागते. ती धरता यावी म्हणून तर माझ्या तळव्याला खरखरीत चामडं दिलंय. ते वर आभाळाकडे तोंड करून बसलेलं. खुर्चीच्या दांड्याला लागायचं ते माझं गुळगुळीत पाठीचं कापड. दांडा असा सुटायचा, जसा ओला साबण.

लिफ्टचे मुकादम बाजूला उभे राहून हे बघायचे. उंच, पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे. त्यांचे दोन्ही हात सदानकदा जाकिटाच्या खिशात. हुकूम द्यायचा तर हनुवटीनं, शाबासकी भुवईनं. हात खिशात ठेवणं ही तिथे साहेबपणाची खूणच झाली होती. त्यांचं बघून शेजारच्या दोन लिफ्टचे मुकादमही खिशात हात घालून फिरायचे, आणि त्यातला एक तसाच घसरून पडलाही होता.

“हाताला तेल लावून येतोस का रे?” त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

मालक नाही म्हणाला. एवढंच म्हणाला.

पहिला पंधरवडा परीक्षेचा असतो. मुकादम नको म्हणाले की पोरानं परत जायचं, स्वतःच्या खर्चानं. पगार महिन्याच्या शेवटी, म्हणजे नवे हातमोजे घ्यायचे तर आधी परीक्षेत पास व्हायला हवं, आणि पास व्हायचं तर आधी नवे हातमोजे हवेत. रात्री खाटेवर पडून मालक या गोष्टीचं दुसरं टोक शोधायचा. मी हीटरवर वाळत घातलेला असायचो. मलाही ते टोक सापडलं नाही.

खोलीत चौघे राहायचे, दुमजली खाटांवर. खाटेचं भाडं पगारातून कापलं जायचं, आणि वरच्या खाटेचं भाडं खालच्या एवढंच, जरी वरच्याचं डोकं रोज छताला आपटायचं. त्यांच्यातल्या एकाचा हा दुसरा मोसम होता, म्हणून सगळे त्याला ‘अनुभवी’ म्हणायचे. तो सल्ले फुकट द्यायचा. त्या डोंगरावर फुकट मिळणारी तेवढी एकच गोष्ट होती. डोंगरावर काही खायचं नाही, तिथे सूपसुद्धा नेकलेसच्या भावात मिळतं. किराणा सुट्टीच्या दिवशी बसनं खाली उतरून आणायचा. लिफ्टचा पास कामगारांना फुकट आहे म्हणून हुरळून जायचं नाही, पायाला बांधायच्या पट्ट्या भाड्यानंच घ्याव्या लागतात. कपडे धुवायचं यंत्र नाणी खातं, म्हणून चौघांचे कपडे एकदम टाकायचे. या शेवटच्या सल्ल्यामुळे खोलीतले सगळे पायमोजे सार्वजनिक मालमत्ता झाले होते. कुणाच्या पायात कुणाचे आहेत हे विचारण्याची पद्धत नव्हती.

अनुभवीनं माझ्याबद्दलही सल्ला दिला. दोन डाव्यांतला एक जाळून टाक, म्हणाला, आणि एक हात खिशात ठेव. मुकादमांना वाटेल तू बढतीच्या तयारीत आहेस.

ताई फोनवर फोटो मागायची. तिला भाऊ बर्फात उभा असलेला बघायचा होता आणि शेजारणींना दाखवायचा होता. मालकानं फोटो काढून घेतला, हात पाठीमागे धरून. हात मागे का, तिनं विचारलं. इथे तशी शिस्त आहे, त्यानं सांगितलं. दाजींना ही शिस्त फार आवडली. त्यांनीही पुढचे काही दिवस ऑफिसात हात मागे बांधून फिरून पाहिलं, असं नंतर कळलं.

मला मालकाचं वाईट वाटायचं, आणि थोडा रागही यायचा. एक वाक्य बोलायचं होतं त्यानं मुकादमांशी. पण ते वाक्य तोंडात यायचं आणि मुकादमांची हनुवटी हलली की परत गिळलं जायचं.

परीक्षेचा शेवटचा दिवस उजाडला. मुकादम सकाळपासून त्याच्या पाठीशीच उभे होते. तेवढ्यात रांगेतून एक पोटसुटे काका पुढे आले. पायाला पट्ट्या, डोक्याला हेल्मेट, चेहऱ्यावर पश्चात्ताप. खुर्ची आली. मालकानं मला घालून दांडा धरला, आणि मी सुटलो. खुर्ची तिरकी फिरली, काकांच्या एका बाजूला लागली. काका अर्धे बसले, अर्धे राहिले, आणि जो अर्धा राहिला तो जड होता.

तेव्हा मुकादमांनी खिशातून हात काढले.

ते पुढे झेपावले आणि काकांचं जाकीट डाव्या हातानं पकडलं. पक्कं पकडलं, मी स्वतः बघितलं. आणि त्यांच्याही हातातून काका सुटले, ओल्या साबणासारखे. काका मालकावर, मुकादम काकांवर, असे तिघे बर्फात बसले. शेजारच्या केबिनमधून लिफ्ट चालवणाऱ्या बाईंनी लाल बटण दाबलं. लिफ्ट थांबली. वरच्या खुर्च्यांतले लोक पाय हलवत खाली बघू लागले.

मी बर्फावर पालथा पडलो होतो. माझ्या अगदी समोर मुकादमांचा डावा हात पडला होता, तोही पालथा. आणि त्या हाताच्या पाठीवर राखाडी चामडं होतं. अंगठ्याच्या बुडाशी तपकिरी ठिपका.

माझा भाऊ होता तो.

मालकानंही पाहिलं. आधी एक हात, मग दुसरा. दोन्ही उजवे. मग त्यानं मुकादमांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या मिशांखाली एखादा माणूस इतका लाजू शकतो हे त्याला माहीत नव्हतं.

“दोघांनी मिळून पाडलंत,” काका म्हणाले, “आता एकानं तरी उचला.”

त्यांना उचललं, झटकलं, पुढच्या खुर्चीत नीट बसवलं. मुकादमांचे हात परत खिशात गेले. पण जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मालकाला हनुवटीनं खुणावलं आणि बूट वाळवायच्या खोलीत नेलं. तिथे गरम हवेच्या नळ्यांवर बूट उलटे टांगलेले असतात आणि वासामुळे दुसरं कुणी फिरकत नाही.

मुकादमांनी दार लोटून घेतलं.

“कधीपासून?” मुकादमांनी विचारलं.

“पहिल्या दिवसापासून. तुमचे?”

“माझा दुसरा हिवाळा.”

“दुकानदाराला सांगितलं नाहीत?”

“काय सांगू त्याला? नव्या पोरांनी हातमोजे कसे निवडावेत, हे दरवर्षी मीच शिकवतो.”

मालक हसला नाही. हसू दाबताना त्याच्या नाकातून मात्र आवाज आला. मुकादमांच्या मिशा हलल्या. मग दोघंही असे हसले की वरचा एक बूट खाली पडला.

शेवटी मुकादम म्हणाले, एकेक काढ. मालकानं मला काढून टेबलावर ठेवलं, मुकादमांनी भावाला. आम्ही समोरासमोर पडलो होतो, ठिपक्याला ठिपका लावून. इतक्या दिवसांनी भेटलो, आणि भेट टिकली ती मुकादमांना नाक पुसायला लागलं तेवढीच. मग त्यांनी मला उचललं, मालकानं भावाला उचललं. आम्ही एकमेकांच्या जागी गेलो. जोडी जुळली, पण आमची दोघांची नाही.

मालक दारापर्यंत गेला आणि परत वळला. पंधरा दिवस गिळून ठेवलेला दुसरा प्रश्न शेवटी बाहेर आला.

“माझ्या नोकरीचं काय?”

“काय म्हणजे? दुपारपासून बरोबर हातानं कर.”

तेव्हापासून मी मुकादमांच्या डाव्या हातात आहे. सरळ, तळव्याला तळवा लावून. दांडा पहिल्यांदा धरला तेव्हा मला कळलं की मी किती चांगला हातमोजा आहे. मुकादमांचे हात खिशाबाहेर आले, त्यामुळे पहिले काही दिवस लिफ्टवर घबराट होती, कुणाला तरी काढणार म्हणून. मग शेजारच्या दोन्ही मुकादमांनीही आपले हात बाहेर काढले. लिफ्टच्या पलीकडच्या बाजूला मालकाचा हात आता कधी घसरत नव्हता. लांबून मला भावाची राखाडी झलक दिसायची, खुर्ची थोपवताना.

ताईला नवा फोटो गेला. त्यात त्यानं दोन्ही हात असे पुढे केले होते की हातच जास्त दिसत होते, चेहरा कमी.

मोसम संपला, बर्फ वितळलं, पोरं आपापल्या गावी गेली. निघताना मुकादमांनी मालकाला पुढच्या हिवाळ्यात यायला सांगितलं. हातमोजे घेताना मला विचार, असंही म्हणाले, आणि मग खूप खोकले.

आता मी लिफ्टच्या केबिनमध्ये खिळ्याला टांगलेला असतो. करंगळीची शिवण उसवली आहे. बाहेर गवत उगवलंय आणि रिकाम्या खुर्च्या वाऱ्यावर डुलतात. परवा मुकादमांनी केबिनमधल्या बाईंना फोनवर एक फोटो दाखवला. मालकाच्या ताईचं स्वयंपाकघर. मागे नवा फ्रिज, पुढे ताई, दोन्ही हातांत हातमोजे घालून चुलीवरचं तापलेलं पातेलं उतरवतेय. उजव्या हातात भाऊ होता. ठिपक्यावर काहीतरी पिवळं सांडलेलं. मजेत दिसला.

मालक परत आला तर माझी एकच इच्छा आहे. त्यानं एकदा मला उजव्या हातात घालावं, उलटा. फार नाही, पोटसुट्या काकांची एक खुर्ची जाईपर्यंत. सरळ राहून सगळं बरं आहे, पण मला त्या हाताची सवय झाली होती.

आणि तुम्हाला सांगायचं तर, घेताना दोन्ही हात घालून बघा. कात्री मागायला लाजू नका. एवढं करूनही दोन डावे पदरात पडलेच, तर हात पाठीमागे लपवून उभे राहू नका. कुणास ठाऊक, समोरच्याच्या खिशात दोन उजवे असतील.