भिंग खराब आहे म्हणे!

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे आणि सध्या माझे डोके फिरले आहे.

मला एका म्हाताऱ्या कारागिराने घडवले. नळी मोडक्या दुर्बिणीची, बैठक जुन्या शिलाई यंत्राची. कानस मारून मारून त्याने सगळे एकमेकांत बसवले. पुढे मी एका जीवरसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत आलो. त्यांना सगळे सर म्हणत. तरुणपणी सर तासन्‌तास माझ्यावर वाकून बसत आणि दिसेल ते वहीत उतरवत. तेव्हा माझे केवढे कौतुक होते!

मग काचपट्टी धरून ठेवणारा माझा चाप मोडला. साफसफाई करणाऱ्या मावशींनी केसांतला काळा चिमटा काढून तिथे अडकवला. अठरा वर्षे त्यावरच काम चालले. सरांच्या ते कधी लक्षातही आले नाही, कारण त्यांना काचपट्टी आयती बसवून द्यायला कुणी ना कुणी असेच.

हळूहळू सरांचे पाहणे कमी आणि बोलणे जास्त झाले. पेशीतली यंत्रे अशी गुंतलेली आहेत की एक भाग काढला तर सगळे ठप्प होते. म्हणजे ती उत्क्रांतीतून थोडी थोडी घडलेली नाहीत, कुणा बुद्धिमान रचनाकाराने एकदम जुळवली आहेत, असे ते सांगत. सांगोत बापडे. जग कुणी घडवले ते माझ्या भिंगातून दिसत नाही.

त्यांच्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या मुलीने मात्र तीन वर्षे खपून जिवाणूंच्या हालचालीच्या यंत्रातले एक प्रथिन काढून टाकले आणि ते जिवाणू माझ्यापुढे ठेवले.

"सर, बघा ना. पोहत नाहीत, पण सरपटतात."

सरांनी डोळा लावला. त्यांची पापणी माझ्या काचेला घासली आणि थबकली. त्यांनी पाहिले, मित्रांनो! चांगले मिनिटभर पाहिले. मग मान वर करून म्हणाले, "काही हलत नाही. भिंग खराब आहे याचं. या प्रयोगाचं पान प्रबंधातून काढ, नाहीतर माझी सही मिळणार नाही."

मला किळस आली. इतकी वर्षे हाच डोळा मी आपला मानत होतो.

त्यानंतर माझे काम एकच उरले, भाषणात मिरवायचे. भरल्या सभागृहात सर म्हणाले, "याचा प्रत्येक भाग याच कामासाठी घडवलाय. एक काढला की संपलं!" आणि ऐटीत चाप उपटून उंच धरला.

"सर, तो मावशींचा केसांचा चिमटा आहे," मागून ती मुलगी म्हणाली.

सभागृह खो खो हसले. सरांनी चिमटा खिशात टाकला आणि पुढचा मुद्दा सुरू केला. शी!

प्रयोगशाळेत परतल्यावर ती मुलगी ते पान हातात घेऊन रडत बसली. मावशींनी केसांतला दुसरा चिमटा काढून मला लावला, तिच्या जिवाणूंची ताजी काचपट्टी त्याखाली सरकवली आणि आयुष्यात पहिल्यांदाच माझ्यातून वाकून पाहिले.

"अगं बाई, हलतंय की! रांगतंय नुसतं! एवढं सरांना दिसेना?"

मुलीने डोळे पुसले. ते पान तिने पुन्हा प्रबंधात लावले, सहीचे काय होईल ते होवो.

मित्रांनो, माझी भिंगे मऊ फडक्याने पुसत जा, मला धुळीत टाकू नका. आणि डोळा लावलात तर दिसेल तेच बोला. तेवढा धीर झाला नाही, तर निदान माझ्या भिंगाला नावे ठेवू नका.