आजपासून गल्लीत किराणा बंद

भाईदास पाच वर्षं किरणासुर होता, आणि खरं सांगायचं तर त्याला ते काम चांगलं जमत होतं.

त्याआधी तो धुळ्याच्या एका दवाखान्यात क्ष-किरणांचं यंत्र चालवणारा साधा माणूस होता. एका दुपारी यंत्र अडलं. याने ते बंद न करताच आत डोकं घातलं. (मुलांनो, यंत्र चालू असताना आत डोकं घालू नये, हे यातून शिकण्यासारखं आहे.) डोकं बाहेर काढलं तेव्हा दोन्ही कानांतून हिरवा उजेड येत होता. हात झटकला तर बोटांतून किरण सुटला आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमधला डिसेंबर जळून गेला.

अशा वेळी शहाणा माणूस डॉक्टरकडे जातो. भाईदास शिंप्याकडे गेला. जांभळी झूल शिवून घेतली, किरणासुर असं नाव घेतलं आणि धुळ्यावर राज्य करायचं ठरवलं. फैजपूरहून आलेला केळ्यांचा आख्खा ट्रक त्याने भर रस्त्यात एका क्षणात पिकवला, मग लोकांना तीन दिवस केळ्यांशिवाय काही खायला मिळालं नाही. भुसावळच्या फलाटावर सगळ्यांच्या कपातला चहा एकदम उकळवला. एकदा तर विजेचं रोहित्र वितळवलं आणि अर्धं गाव आठवडाभर अंधारात बसलं. दरवेळी तो उंच जागी उभा राहून गडगडाटी हसायचा.

मग एका संध्याकाळी तो एका शाळेच्या गच्चीवर हसायच्या तयारीत उभा असताना खाली मुलं खेळत होती. खेळाचं नाव होतं किरणासुर. ज्याच्यावर राज्य येईल तो किरणासुर.

"माझ्यावर राज्य नको!" एक जण ओरडला.

"मागच्या वेळी मी घेतलं होतं राज्य. आता आयुषीवर!"

"मी नाही बाई! मला किरणासुराचं राज्य नको. मी घरी जाते!"

भाईदास गच्चीवर तसाच उभा राहिला. ज्या राज्यासाठी त्याने पाच वर्षं जिवाचं रान केलं, ते सात वर्षांची पोरंसुद्धा एकमेकांवर ढकलत होती. त्या दिवशी त्याला हसू फुटलंच नाही. झूल घडी करून त्याने पिशवीत टाकली आणि एस.टी.त बसून तो एरंडोलला आला. तिथे त्याला कोणी चेहऱ्याने ओळखत नव्हतं. सकीना आपांच्या घरामागची खोली त्याने भाड्याने घेतली. आपल्या हिरव्या कानांची सगळी हकीकत मात्र त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकली. आपा म्हणाल्या, "रात्री दिवा लागणार नाही म्हणजे. राहा."

आता सुधारायचं म्हणजे सरकारी पद्धतीने सुधारायला हवं. जळगावला 'सुधारू इच्छिणाऱ्यांचा कक्ष' आहे असं त्याला कळलं. टेबल नंबर सात. तिथल्या सुनंदाबाईंनी मान वर न करता एक अर्ज पुढे सरकवला.

"गल्लीतल्या पाच प्रतिष्ठितांच्या सह्या. त्यातली एक दुकानदाराची. घराबाहेर सुधारल्याची पाटी. सगळं सोमवारपर्यंत."

"आणि नाही जमलं तर?"

"तर धुळ्याची शिशाची खोली. भिंती शिशाच्या, दार शिशाचं. खिडकी नाही. जन्मभर." मग त्यांनी मान वर केली. "पण जेवण बरं असतं म्हणतात."

भाईदास परत आला तो पळतच. चार सह्या दोन दिवसांत झाल्या. सकीना आपांनी केली, त्यांच्या नवऱ्याने अय्युबभाईंनी केली, शाळेतल्या कमलबाईंनी केली, पुना शिंप्याने तर तारखेसकट केली. राहिली ती दुकानदाराची. गल्लीत दुकान एकच, प्रकाशचंद शेठचं. शेठ म्हणाले, "आधी पाटी लागू दे. मग बघू."

पाट्या रंगवायचं काम अय्युबभाईंचंच. भाईदासने मजकूर लिहून दिला: 'आजपासून गल्लीत किरण बंद. झालेल्या त्रासाबद्दल माफी. किरणासुर.' शुक्रवारी सकाळी पाटी लागली. भाईदास अंघोळ करून बाहेर येतो तर गल्लीत ही गर्दी. बायका पिशव्या घेऊन धावताहेत. कोणी तेलाचा डबा डोक्यावर घेतलाय, कोणी साखरेचं पोतं ओढतंय.

"काय झालं हो?" त्याने विचारलं.

"तुम्हाला माहीत नाही? तो धुळ्याचा राक्षस इथे आलाय! पाटी लावलीय मेल्याने!"

भाईदासने वळून पाटी वाचली. लालभडक, वळणदार अक्षरांत लिहिलं होतं: 'आजपासून गल्लीत किराणा बंद. झालेल्या त्रासाबद्दल माफी. किरणासुर.'

"अय्युबभाई!"

अय्युबभाई ब्रश हातात घेऊन आले. त्यांनी पाटी वाचली, पुन्हा वाचली, आणि कपाळाला हात लावला. कपाळ लाल झालं. "भाऊ, तीस वर्षं झाली या हाताला. जळगावपासून धुळ्यापर्यंत किराणाच रंगवतोय. 'कि' काढला, 'र' काढला, की पुढचं आपोआप येतं."

"डोळ्यावर चष्मा आहे की शोभेची काच?" सकीना आपा आतून ओरडल्या.

एवढ्यात प्रकाशचंद शेठ आलेच. तासाभरात त्यांच्या दुकानात काडेपेटीसुद्धा उरली नव्हती. दुसरा एखादा खूश झाला असता. शेठ रागाने थरथरत होते.

"माझ्या आजोबांनी राजस्थानातून येऊन हे दुकान मांडलं. दुष्काळात बंद झालं नाही, पुरात नाही. आणि हा म्हणतो किराणा बंद? वर माफी मागतो?"

भाईदासने हात जोडले. जोडताना बोटं नीट मिटून घेतली. "शेठ, ते किरण होतं हो. ब्रश घसरला."

अय्युबभाईंनी तिथल्या तिथे ब्रशने दोन्ही काने खोडले, पण शेठ विरघळले नाहीत. शेवटी त्यांच्या मागे उभ्या असलेल्या भंवरीबाई म्हणाल्या, "अहो, माणूस कोपऱ्यात सापडलाय. काही तरी अट घाला अन् मोकळं करा." भंवरीबाई म्हणजे शेठच्या पत्नी. गल्ल्यावर त्याच बसत. शेठ बाहेर उभे राहून राजकारणावर बोलत.

शेठने विचार केला. "रविवारी मळ्यात भरीत पार्टी आहे. शंभर माणूस. वांगी भाजायचं काम याचं. विस्तवावर, हाताने. एकही किरण निघाला तर सही नाही. बठ्ठा, सगळा गाव साक्षीला शे."

भाईदास आनंदाने उडी मारणार होता, पण त्याला एक गोष्ट आठवली. हात त्याला आवरता येत होते, राग आवरता येत होता, झोपेतले किरणसुद्धा उशी कानावर दाबून आवरता येत होते. शिंक मात्र आवरत नव्हती. आणि शिंकेबरोबर नाकातून किरण निघायचाच.

ज्यांनी खानदेशातली भरीत पार्टी पाहिली नाही त्यांना सांगायला हवं. हिवाळ्यात हिरवी, पांढरट, हातभर मोठी वांगी येतात. ती गॅसवर भाजली तर इथला माणूस ताटावरून उठून जाईल. ती कपाशीच्या वाळक्या काड्यांवरच भाजायची. काडीचा जाळ झटकन पेटतो, झटकन विझतो, म्हणून माणसाने शेजारी बसून सतत काड्या सारायच्या, वांगी फिरवायची. मग सालं काढून, लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचायची. भरिताला जो वास येतो तो त्या धुराचा. म्हणजे धूर हवाच.

आणि रविवारी पहाटे भरपूर दव पडलं होतं. काड्या ओल्या होत्या. धूर असा निघाला की मळ्यात कोण कुठे आहे ते आवाजावरून ओळखायची वेळ आली.

"भाईदासभाऊ, जाळ कुठे आहे?"

"येतोय, येतोय!" भाईदास जमिनीला गाल लावून फुंकत होता. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. बोटं दोनदा भाजली. गंमत बघा, ज्याने रोहित्र वितळवलं त्याला एक ओली काडी पेटत नव्हती.

"काका, एकच किरण सोडा ना!" पोरं नाचत होती. "एकच! आम्ही कोणाला सांगणार नाही!"

"बोटाने नको, करंगळीने सोडा!"

"भूक लागली हो!" धुरातून शंभर माणूस म्हणालं.

पण भाईदास फुंकत राहिला. अर्ध्या तासाने काड्या वाळल्या, जाळ धडाडला आणि त्याच्या अंगात वारं शिरलं. इकडची वांगी तिकडे, तिकडची इकडे. सालं करपली, आतून वाफ फुसफुसली, वास सुटला. भाजलेल्या वांग्यांचा ढीग गुडघ्याएवढा झाला. भाईदासला वाटलं, पाच वर्षांत इतकी मजा एकदाही आली नव्हती. तो हसला, अगदी साधं हसला, आणि त्या हसण्यात घोटभर धूर नाकात गेला.

त्याने नाक दाबलं. जीभ टाळूला लावली. कोणी तरी सांगितलं होतं म्हणून डावा कान ओढला. एका पायावर उभा राहिला.

"आक्...छी!"

हिरवा किरण थेट वांग्यांच्या ढिगात गेला. ढीग क्षणभर आतून उजळला आणि पुन्हा काळा दिसू लागला.

भाईदासने भीत भीत इकडे तिकडे पाहिलं. धुरामुळे सगळे डोळे चोळत होते. कोणी काही पाहिलं नव्हतं. वरचं एक वांगं मात्र हळूच हिरवं लुकलुकत होतं. त्याने ते उचललं आणि सदऱ्याच्या खिशात घातलं. बस, मिटलं. एक वांगं खड्ड्यात पुरलं की झालं. उद्या सोमवार, टेबल नंबर सात.

तो चार पावलं गेला. खिसा पोळत होता. पण त्याला टोचत होतं ते वेगळंच. किरण एकाच वांग्याला लागला, की खालच्या तीनांना? की दहांना? ते त्याला ठाऊक नव्हतं. आणि तिकडे बडगी मांडली जात होती.

तो परत फिरला. "थांबा! ठेचू नका!" त्याने वांगं खिशातून काढून सगळ्यांसमोर धरलं. "शेठ, शिंक आली. किरण निघाला. हे एक तर मला दिसतंय. पण आजूबाजूची वीसेक काढून पुरून टाका. खाऊ नका. मुलांना तर देऊच नका."

शंभर माणसांनी एकदम 'अरेरे' म्हटलं. ते भाईदाससाठी होतं की वांग्यांसाठी, ते कळायला मार्ग नव्हता. दोघांनी खोल खड्डा खणला आणि लांब फावड्याने वीस वांगी आत लोटली.

"अट काय होती?" शेठने विचारलं.

"एकही किरण नाही."

"निघाला?"

"निघाला."

"मग सही नाही. मी जबान दिलीय, भाईदास. शंभर माणसांसमोर दिलीय." शेठ पाठ करून उभे राहिले आणि उपरण्याने डोळे पुसू लागले. धूर तर आता उरला नव्हता.

भाईदासने मान हलवली. शिशाच्या खोलीत जेवण बरं असतं, एवढंच त्याला आठवलं.

"अहो," भंवरीबाई म्हणाल्या. त्या मिरच्या निवडत बसल्या होत्या. "त्या टेबलवालीला दुकानदाराची सही पाहिजे ना?"

"हो."

"आपल्या दुकानाचा परवाना कोणाच्या नावावर शे?"

शेठने आभाळाकडे पाहिलं. आभाळात काही नव्हतं. "तुझ्या."

"अन् अट कोणी घातली होती?"

"मी."

"मग तुमची अट तुम्ही सांभाळा. तुमची जबान पण शाबूत राहू द्या. आणा हो भाईदासभाऊ तो अर्ज."

अय्युबभाईंनी खिशातला पेन पुढे केला. भंवरीबाईंनी तेलाचा हात पदराला पुसला, तरी कागदावर अंगठ्याएवढा डाग पडलाच. त्यांनी सही केली. सहीखाली एक रिकामी ओळ होती: 'अर्जदाराचा एक चांगला गुण लिहा.' त्या थोडा वेळ पेन चावत बसल्या, मग एकेक अक्षर सावकाश काढत लिहिलं:

'विस्तव चांगला सांभाळतो. शिंक आली तर सांगतो.'

"झालं," त्या म्हणाल्या. "आता रडत काय बसलात? वीस वांगी कमी पडताहेत. उठा, भाजा. अन् नाकाला रुमाल बांधा!"

भाईदासच्या नाकाला पाच जणांनी पाच रुमाल बांधले. त्याला श्वासही धड घेता येईना. पण काड्या आता खडखडीत वाळल्या होत्या, जाळ पहिल्या फुंकरीला पेटला, आणि पहिलं वांगं तयार झालं का हे विचारायला शेठ स्वतः तीनदा येऊन गेले.