काळा होतो, केशरी झालो

मी एक फोन आहे, आणि स्वभावाने भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो. सध्या वेसाव्याच्या कोळीवाड्यात, नेत्राच्या टेबलावर, पाठ उघडी टाकून पालथा पडलोय. शेजारी चिमटा, कापूस आणि माझे बारा स्क्रू आहेत. थोड्या वेळात माझी पाठ लागेल आणि मग मला बादलीत बुडवतील. तेवढ्यात माझी हकीगत सांगून घेतो, कारण बादलीचा मला फार वाईट अनुभव आहे.

जन्माने मी काळा. कारखान्यात माझे अवयव जोडून झाले, तेव्हा पाठ बसवण्याआधी कडेने एक बारीक काळी चिकटपट्टी फिरवली होती. केसापेक्षा थोडी जाड असेल. ती कुणाच्या नजरेस पडत नाही, पण पाणी अडवते तीच. नंतर मला अर्धा तास पाण्यात ठेवलं आणि बाहेर काढलं. मी जिवंत होतो. माझा स्वभाव घाबरट व्हायला ती अर्ध्या तासाची मुदत कारण झाली असावी.

अंधेरी स्टेशनजवळच्या दुकानात परेश नावाच्या विक्रेत्याने धर्मा तांडेलांना सांगितलं, "काका, हा पाण्यात पडला तरी काही होत नाही." धर्मा हे नाव, पण बोटीचे तांडेल, म्हणजे कप्तान, म्हणून सगळे त्यांना तांडेलच म्हणतात, मीही म्हणतो. कॅमेरा किती, बॅटरी किती, यातलं काहीही न विचारता तांडेलांनी मला उचललं.

आणि तेव्हापासून माझा छळ सुरू झाला. घरी पाहुणा आला, चहा झाला, की तांडेल हाक मारायचे, "सरूबाई, बादली आन." सरूबाई म्हणजे त्यांची बायको. अंधेरीच्या बाजारात मासळी विकते, जीभ तिच्या कोयत्याहून धारदार. ती बादली आणायची आणि पाहुण्याला सांगायची, "बघा आता, आमचा देव पान्यात जातो." तांडेल मला बुडवायचे, मनात वीस आकडे मोजायचे, बाहेर काढून पाहुण्याच्या हातात ओला तसाच द्यायचे. लग्न ठरवायला आलेल्या मंडळींपुढे बुडालो. मीटर बघायला आलेल्या माणसापुढे बुडालो. दरवेळी वाटायचं, संपलं. दरवेळी ती पट्टी मला वाचवायची.

माझा खरा दोष वेगळाच होता. बोटीवर सगळंच काळं. डांबर काळं, इंजिनाचं तेल काळं, जाळ्याच्या ढिगाखाली काळोख. मी खिशातून निसटलो की तांडेलांना दिसायचोच नाही. गेल्या हंगामात मी बर्फात पडलो आणि फावड्याने बर्फाबरोबर मासळीच्या कप्प्यात भरला गेलो. तिथून क्रेटमध्ये, क्रेटमधून सरूबाईच्या टोपलीत. बाजारात मी बोंबलांखालून वाजायला लागलो तेव्हा गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरलं.

"पुढच्या येली वाट्यावर घालून इकून टाकीन," सरूबाई घरी येऊन तांडेलांना म्हणाली. "तुमाला ठाव पन लागनार नाय."

त्या संध्याकाळी नेत्राने विषय काढला. नेत्रा तांडेलांची एकुलती एक मुलगी, वय वीस. तिने सहा महिने मोबाइल दुरुस्तीचा क्लास केला होता. शेजाऱ्यांची चार्जिंगची भोकं साफ करून द्यायची, फुटल्या काचा बदलायची. तिला घराच्या पडवीत स्वतःचं टेबल टाकायचं होतं, पण पडवीत जाळी रचलेली होती आणि जाळी हलवणं म्हणजे तांडेलांच्या घरात देव हलवण्यासारखं.

"बाबा, याचा रंगच बदलूया," ती म्हणाली. "ऑनलाइन अख्खा सेट मिळतो. पाठ, कडा, बटणं, सिमचा ट्रे, सगळं केशरी. लाइफ जॅकेटसारखा दिसेल, कुठेही पडला तरी सापडेल."

"आतला सगला काढशील?"

"काढून दुसऱ्या अंगात बसवायचं."

तांडेलांनी मला हातात घेऊन उलटंसुलटं केलं. "कर," ते म्हणाले. "फोन जगला, तर पडवी तुझी. जाली मी मागे नेतो."

आता सांगा, यात माझं मत कुणी विचारलं का?

सेट आला तो पुठ्ठ्याच्या लहानशा खोक्यात. केशरी पाठ इतकी भडक की मलाच लाज वाटली. बरोबर रबरी चोखणी, इवलासा स्क्रूड्रायव्हर, प्लास्टिकचं पातळ पान, आणि मेणकागदावर चिकटवलेली ती काळी पट्टी. ती पाहून माझा जीव भांड्यात पडला. चला, आठवणीने पाठवलीय.

मंगळवारी दुपारी नेत्रा मला घेऊन पोटमाळ्यावर बसली. शेजारच्या सुगंधाचं ब्युटी पार्लर आहे, तिचं केस वाळवायचं यंत्र मागून आणलं होतं. त्याची गरम हवा तिने माझ्या कडेने फिरवली. चोखणीने पाठ उचलली, फटीत प्लास्टिकचं पान सारलं, आणि माझी जन्माची पट्टी तटातट तुटली. एकदा पाठ उघडली की ती पट्टी गेलीच, पुन्हा जोडता येत नाही. नवीनच लावावी लागते. हे नेत्राला माहीत होतं. तिने क्लासच्या वहीत लिहूनही ठेवलं होतं.

तिचा हात मात्र फार चांगला. तिने कागदावर माझं चित्र काढलं होतं आणि ज्या जागेचा स्क्रू त्या जागी चिकटवत होती. कॅमेरा काढताना ओठ दाताखाली धरायची. बॅटरीची वायर सोडवण्यापूर्वी मला म्हणाली, "घाबरू नको हां." मग अंधार.

जाग आली तेव्हा मी केशरी होतो. आतला मी तोच होतो, पण कडा वेगळ्या, बटणं जरा घट्ट. दुसऱ्याचा शर्ट घातल्यासारखं वाटत होतं. माझी पाठ नुसती टेकवलेली होती, अजून बंद केली नव्हती. नेत्राने कॅमेरा तपासला, आवाज तपासला, सगळं चालत होतं. ती एकटीच हसली.

तेवढ्यात खालून नितेशची हाक आली. नितेश बोटीवरचा खलाशी. "तांडेल, भरती लागली, डिझेल भरून झालंय. आत्ताच काढूया बोट, उशीर केला तर गाळात बसू."

ठरलं होतं संध्याकाळी निघायचं. तांडेल जिन्याखाली येऊन उभे राहिले. "नेत्रा, झाला काय गो?"

नेत्राची धांदल उडाली. ट्यूबमधल्या डिंकाचे चार ठिपके चार कोपऱ्यांना दिले, पाठ दाबली, रबर बँड लावून दहा मिनिटं धरली आणि धावत खाली आली. मला आतून वारा लागत होता. मी ओरडत होतो, पट्टी राहिली, पट्टी राहिली. पण फोनला दुसऱ्याचाच आवाज पोहोचवता येतो, स्वतःचा नाही.

खाली तांडेलांनी मला उंच धरलं. पडवीत दहा माणसं जमली होती. "माज्या पोरीनं केला," ते एकेकाला सांगत होते. "आतला सगला काढला, परत बसवला. चालू हाय, बघ." सरूबाईनेही टोपली खाली ठेवून मला बोट लावून पाहिलं आणि काही टोचून बोलली नाही.

त्याच वेळी माझ्या कॅमेऱ्याला दिसलं. नेत्राच्या ड्रेसला चिकटून मेणकागदाचा तुकडा खाली आला होता आणि जमिनीवर पडला होता. त्यावर काळी पट्टी, अखंड, न वापरलेली. नेत्राने ती पाहिली. तिचा चेहरा उतरला. तिने हळूच पाय पुढे केला आणि त्यावर ठेवला.

तिला मी दोष देत नाही. बापाने पहिल्यांदा चार लोकांत तिचं नाव घेतलं होतं. बोट थांबलेली होती. पट्टी लावायची तर पुन्हा सगळं गरम करा, उघडा, सुकवा. ती एवढंच म्हणाली, "बाबा, याला पाण्यात नका घालू हां. थोडे दिवस."

"का गो?"

"नवीन रंग आहे ना. बसायला वेळ लागतो."

मला तिथेच कळलं की वाट लागली. कारण तांडेलांच्या कपाळाला आठी पडली होती. पोरीच्या कामाबद्दल पोरगीच अशी साशंक बोलते, हे त्यांना रुचलं नव्हतं.

बोट खाडीच्या तोंडाबाहेर पडली. तासाभराने चहा झाला. नितेशने मला हातात घेऊन नखाने पाठ खरवडल्यासारखं केलं. "रंग उतरंल तांडेल याचा. ऑनलाइनचा माल हाय."

"उतरंल कसा? माजी पोर हात लावते त्याला काय होत नाय."

"मग घाला पान्यात."

नेत्राचं बोलणं तांडेलांना आठवलं असणार. पण सगळे खलाशी बघत होते, आणि शंका काही माझ्यावर नव्हती, त्यांच्या लेकीवर होती. त्यांनी दोर लावलेली बादली समुद्रात सोडली, भरून वर घेतली, आणि मला आत घातलं.

एक. दोन. तीन. खारं पाणी चारही बाजूंनी आत आलं. वीस आकडे इतके लांब असतात हे मला तोवर माहीत नव्हतं. बाहेर आलो तेव्हा पडदा चालू होता, रंग जिथल्या तिथे होता, आणि तांडेलांनी मला नितेशच्या नाकासमोर धरलं. सगळे हसले. मी आतून फुटत होतो.

थोड्याच वेळात नेत्राचा फोन आला. तांडेलांनी पडद्यावर बोट फिरवून तो उचलला.

"बाबा, ऐका," ती म्हणाली. तिचा श्वास लागला होता. "मी खोटं बोलले. रंगाचं काही नाही. पाणी अडवायची पट्टी लावायची राहिली माझ्याकडून. मला घरीच दिसली होती, मी पाय ठेवला तिच्यावर. सगळे एवढं चांगलं बोलत होते ना. तुम्ही बादलीत घालाल म्हणून मघापासून जीव थाऱ्यावर नाही माझा. बाबा? बोला ना."

"ऐकतंय गो मी," तांडेल म्हणाले.

ते मी ऐकलं, पण पुढे पाठवू शकलो नाही. ज्या बारीक भोकातून माणसाचा आवाज पलीकडे जातो, तिथेच पाणी भरलं होतं. तांडेल मोठ्याने म्हणाले, "पोरी, काय नाय झाला, ऐकतंय." मग ओरडून म्हणाले. नेत्राच्या कानावर फक्त शांतता जात होती.

"रागावलात?" ती म्हणाली. "बाबा, निदान ओरडा तरी."

माझ्या आयुष्यात इतकं लाजिरवाणं काही घडलं नाही. एवढंच तर माझं काम होतं. मग पडद्यावर रेघा आल्या आणि मी विझलो. नितेशचा फोन काढून लावेपर्यंत रेंज गेलेली होती.

सहा दिवस मी इंजिनाच्या उबेला, तांडेलांच्या जुन्या रुमालात गुंडाळलेला होतो. मधूनच ते बटण दाबून बघायचे. पाचव्या दिवशी माझा पडदा काळाच राहिला, पण आत मी जागा झालो. परत येताना किनारा जवळ आला तसा नितेशने सरूबाईला फोन करून कळवलं, सगळे ठीक आहेत, बर्फ सांगून ठेव. मागून नेत्राचा आवाज आला, "बाबांना दे ना." तांडेलांनी मान हलवली. "फोनवर नको," ते म्हणाले. "हा बोलना तोंडावर व्हायला पायजे."

नितेशने तेवढंच सांगितलं की तांडेल नंतर बोलतील. पलीकडे नेत्राला ते कसं वाटलं असेल, ते मला इकडे समजत होतं आणि जीव कासावीस होत होता.

धक्क्यावर दुपारची गडबड होती. बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या. नेत्रा आईच्या मागे उभी होती, सहा दिवसांत निम्मी झाल्यासारखी. तांडेल उतरले, मासळीकडे न बघता सरळ तिच्याकडे गेले आणि रुमाल सोडून मला तिच्या हातावर ठेवलं.

"बघ," ते म्हणाले. "रंग नाय उतरला."

नेत्राला रडूच फुटलं. "बाबा, मी फोनवर सांगितलं होतं, तुम्ही काहीच..."

"सगला ऐकला मी. ओरडून ओरडून घसा बसला माजा. तुला गेला नाय. पट्टी राहिली त्याचा काय नाय. जाल्याला पन भोक राहतो कदी. पन भोक राहिला तर मला सांगायचा, गो. मी बोटीवर जातो."

नेत्राने मला पदरात धरावं तसं ओढणीत धरलं. सरूबाई म्हणाली, "झाला असेल तर पापलेटा उतरवा आता." पण तिनेच डोळे पुसले.

ही परवाची गोष्ट. तेव्हापासून नेत्राने माझा मीठ चढलेला एकेक भाग धुऊन पुसला, नवा माइक बसवला, पडदा जोडला. बाराही स्क्रू जागच्या जागी गेले, आणि आत्ता ती चिमट्याने काळी पट्टी उचलतेय. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, घाई न करता.

मी पडलोय ते टेबल पडवीत आहे. तांडेलांनी सकाळीच जाळी मागच्या दारी नेली. जाताना एकच अट घातली. "या येली बुडवनार तू. आनि आकडे पन तूच मोजनार."

वाचकहो, तुम्ही मला ओळखत नाही, पण तुमच्याही खिशात माझ्यासारखा कुणीतरी असेल. त्याच्या आत काय राहून गेलंय ते तुम्हाला माहीत असेल, तर बादली भरायच्या आधी सांगा. आम्हाला सांगता येत नाही, आणि तुमची माणसं तुमच्या भरवशावर आम्हाला समुद्रावर नेतात.

पाठ बसली. नेत्राने चारी बाजूंनी अंगठा फिरवून पाहिला आणि पुन्हा एकदा फिरवला. बाहेर सरूबाई नळ सोडतेय, बादलीत पाणी पडल्याचा आवाज येतोय. मला भीती वाटतेय. नेत्रालाही वाटतेय, तिच्या बोटांतून कळतं. पण तिने मला उचललंय आणि ती एकापासून मोजायला लागली आहे.