गाळलेल्या जागा

दातांच्या डॉक्टरला दिवसभर समोर उघडी तोंडं दिसतात, पण बोलायला कोणी मिळत नाही. म्हणूनच मी सॅक्सोफोन वाजवतो, असं बाबा म्हणायचे. संध्याकाळी शेवटचा पेशंट गाल धरून बाहेर पडला की ते दवाखान्याचं दार लोटून घेत, हात धूत आणि पेशंटच्याच खुर्चीत बसून जॅझ वाजवत. बरोबर त्यांच्या डोक्यावरच्या खोलीत त्यांची मुलगी पियानोच्या शिकवण्या घ्यायची. तिच्या विद्यार्थ्यांचा परीक्षेत पहिला नंबर ठरलेला. तिच्यासमोर बेसूर व्हायची पियानोचीसुद्धा छाती नव्हती.

खालच्या त्या जॅझचं तिला वावडं होतं. शेंडा ना बुडखा, आज एक वाजवायचं तर उद्या भलतंच. त्यातून बाबांची एक आवडती धून होती, ती रंगात आली की ते मध्येच थांबायचे. पायाचा ताल चालू, सॅक्सोफोन गप्प. मग पुन्हा सुरू, पुन्हा गप्प. आईच्या मागे एकटे पडलेत, वय झालंय, विसरत असतील, असं तिला वाटायचं. शेवटी एका रविवारी तिने ती धून कागदावर उतरवली, परीक्षेच्या पेपरातल्यासारख्या सगळ्या गाळलेल्या जागा नीट भरल्या आणि कागद खाली नेऊन दिला.

"इथे विसरता तुम्ही, बाबा. आता बघून वाजवत जा."

बाबांनी कागद शेवटपर्यंत वाचला. काहीतरी बोलणार होते, पण तिचा चेहरा बघून हसले आणि छान लिहिलंयस म्हणाले. त्या दिवसापासून ते धून सलग वाजवू लागले. बाबांची गाडी मी रुळावर आणली, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायची.

पूर्वी बाबांच्या साथीला ड्रम वाजवणारे एक काका होते. मुलाकडे दूर राहायला गेले होते, ते कितीतरी वर्षांनी भेटायला आले. दोघा म्हाताऱ्यांना चेव आला. काका दवाखान्यातला स्टीलचा ट्रे आणि दोन पेन्सिली घेऊन बसले, बाबांनी ती धून सुरू केली. नेहमीच्या ठिकाणी काकांनी पेन्सिली उचलल्या, आणि त्या तशाच वर राहिल्या. बाबा थांबलेच नाहीत. कागदावरचं सगळं इमानेइतबारे वाजवून मगच त्यांनी सॅक्सोफोन खाली ठेवला.

"डॉक्टर," काका म्हणाले, "माझी जागा कुठे गेली?"

बाबा वाद्य पुसत राहिले. दारात चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली मुलगी मात्र चपापली. काकांना सोडायला कोपऱ्यापर्यंत गेली तेव्हा तिने विचारलंच. काकांनी समजावून सांगितलं. एकाने थोडं वाजवून थांबायचं, दुसऱ्याने ते ऐकून त्यावर आपलं काही म्हणायचं. ते आधी लिहून कसं ठेवणार? समोरचा काय म्हणतोय ते ऐकल्याशिवाय उत्तर सुचतं का?

"मी गेल्यावर तूच देत असशील उत्तर, असं वाटलं मला," काका म्हणाले. "पियानो तर वरच आहे तुझा."

ती घरी आली आणि पियानोसमोर बसून रडली. इतकी वर्षं बाबा खालून हाक मारत होते आणि तिने त्यांना उत्तरासाठी थांबायचं नाही, असं शिकवलं होतं.

आजच बस त्याच्यासोबत, काका जाताना म्हणाले होते, चुकलीस तरी तो सांभाळून घेईल. पण चुकणं तिच्या रक्तात नव्हतं. तिने रीतसर जॅझची शिकवणी लावली, तीही बाबांना न सांगता. आणि तिला त्याचं वेडच लागलं. चुकलेल्या सुराचा कान पिरगळायचा नसतो, त्याचं बोट धरून पुढे जायचं असतं, हे तिला पन्नाशीला टेकल्यावर कळलं. आपण मुलांना काय शिकवत आलो, असं मनात येऊन तिला स्वतःचीच लाज वाटायची. तरी जुनी खोड जाईना. पूर्ण तयारी झाल्याशिवाय बाबांसमोर बसायचं नाही, असं तिने ठरवलं, आणि तयारी काही पूर्ण होईना.

तेवढ्यात बाबा खरंच विसरू लागले. दवाखाना बंद झाला. जेवलो का, असं जेवल्या जेवल्या विचारायचे. सॅक्सोफोन हातात दिला तर बोटं कुठे ठेवायची ते आठवेना.

मग कुठे तिने त्यांना हाताला धरून वर आणलं, पियानोजवळ खुर्चीत बसवलं, सॅक्सोफोन मांडीवर दिला आणि त्यांची धून वाजवायला घेतली. बाबांचा पाय तालावर हलायला लागला. धून रंगात आली तशी ती थांबली आणि बाबांकडे बघत राहिली.

बाबांनी थोडा वेळ वाट पाहिली. तिच्याकडे काळजीने पाहिलं. मग सदऱ्याच्या खिशातून घड्यांवर विरलेला तो कागद काढला आणि तिच्यासमोर ठेवला.

"विसरलीस होय गं?" ते हळूच म्हणाले. "असू दे. हे बघून वाजव."