खवल्यांमधला निळा रंग

मी ऑस्ट्रेलियातल्या उत्तर क्वीन्सलँडमधल्या एका ओढ्याकाठचा साप बोलतोय. आम्ही झाडांवर राहणारे. माझी भावंडं अंड्यातून निघाली ती शेवाळासारखी हिरवी, पोटाशी पिवळी. मी मात्र जळक्या लाकडासारखा काळपट. बेडकांना त्याचं काही नव्हतं, ते आम्हा सगळ्यांपासून सारखेच पळायचे. माणसांचं वेगळं. हिरव्या भावाला बघून ती थांबायची, मला विषारी काळा साप समजून दगड शोधायची.

ओढ्याकाठच्या पायवाटेवर डेस्मंड रोज फिरायला यायचे. जुने वनरक्षक. पुढे त्यांची नजर गेली, तरी काठी टेकत यायचे. मार्चमधल्या एका सकाळी सोबत त्यांची मुलगी होती, ब्रॉन्विन. ब्रिस्बेनहून त्यांना कायमचं न्यायला आली होती.

"बाबा, जपून. इथे मूळ आहे."

"अगं, हे मूळ मला तुझ्या जन्माआधीपासून ओळखतं."

मी वाटेतच ऊन खात पडलो होतो.

"काळा साप!" ती किंचाळली. ते ऐकून शेजारचा नेव्हिल फावडं घेऊनच धावत आला. मला पळायचं सुचेना. मी मान फुगवली.

"थांब रे," डेस्मंड म्हणाले. "ब्रॉनी, चार पावलं मागे ये आणि नीट बघून सांग. कसा आहे?"

"काळा! आणखी काय सांगू?"

"काळं तर मला आता सगळंच आहे. डोळे कसे आहेत?"

ती चार पावलं मागे सरली. मग पहिल्यांदाच तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"मोठे. वाटोळे. अंग चाबकासारखं बारीक. गळ्याखाली पिवळट झाक आहे."

"मान फुगवलीय?"

"हो. आणि खवल्यांच्या मधे निळं दिसतंय! बाबा, किती सुंदर आहे हो!"

डेस्मंड खुदकन हसले. "मग झाडावरचाच. रंगाने तेवढा काळा निघालाय. माणसाला त्याच्यापासून धोका नाही. नेव्हिल, फावडं खाली."

"डेस, तुम्हाला दिसत नाही, अन्..."

"तिला दिसतंय ना."

फावडं हळूच मातीवर टेकलं. मी सरसरत फांदीवर चढलो. खाली ब्रॉन्विनने वडिलांचा हात धरला. "चला," ती म्हणाली, "आता कुठे वळायचं ते तुम्ही सांगा."

तरी एप्रिलमध्ये ते ब्रिस्बेनला गेलेच. वाट ओकीबोकी झाली.

मी आता थकलोय. ऊन आलं की याच फांदीवर पडून असतो. कधी या वाटेने आलात तर जवळ येऊ नका, पण लांबून जरा बघा मला.

परवा नेव्हिल झाडाखाली आला. फोन कानाला होता.

"हो डेस, तोच. बेडूक गिळलाय वाटतं, पोट फुगलंय... छे, हात कशाला लावू?... बोला ना तुम्ही. मला कुठे घाई आहे?"

तो बराच वेळ ऐकत उभा राहिला. मीही हललो नाही.