मऊ मागणीचे रूप

‘वुलवार’ म्हणजे इच्छिणे. या फ्रेंच क्रियापदाची संकेतार्थी रूपे योगिताने बॉबिन भरता भरता पाठ केली होती. नवागाम या मागकामगारांच्या वस्तीजवळच्या त्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या शेडमध्ये, चोवीस सांचे, म्हणजे माग, एकदम खडखडत. ओरडल्याशिवाय आपला शब्द आपल्यालाही ऐकू येत नसे. पलीकडच्या सांच्यावरचा तिचा बाप सुपडू हात हलवून म्हणे, “आखो एकदाव म्हन, पोर!” पुन्हा एकदा म्हण. त्याला त्यातले अक्षरही कळत नव्हते. पोर शिकते आहे, एवढे त्याला पुरत होते.

शहाण्णव साली हजीऱ्याच्या एका कारखान्याच्या अतिथिगृहाला स्वागतकक्षासाठी फ्रेंच बोलणारी मुलगी हवी होती. संध्याकाळच्या वर्गात तीन वर्षे काढून योगिताने प्रमाणपत्र मिळवले होते. ही नोकरी लागली तर बॉबिन सुटणार होती. न लागली तर सोमवारी पुन्हा खाते.

मुलाखतीला टेबलापलीकडे व्यवस्थापक नाणावटीसाहेब होते आणि फ्रेंच मुख्य अभियंत्याची पत्नी होती. तिला सगळे ‘मादाम’ म्हणत. मादामने ‘वुलवार’ची सहा रूपे विचारली.

“ज वुद्रे, त्यू वुद्रे, इल वुद्रे,” योगिता म्हणाली, “नू वुद्रियाँ, वू वुद्रिए, इल वुद्रे!”

एकही चूक नव्हती. मादामने मान डोलावली. नाणावटीसाहेबांनी मात्र कानावर हात ठेवला.

“बेन, आ गेस्टहाउस छे, खातुं नथी,” ते म्हणाले, आणि मग मोडक्या मराठीत, “राहते कुठे? नवागाम? हां, तो बराबर. आता पाहुण्याला चहा विचारा. धीमेथी.”

“वू वुद्रिए द्यू ते, मस्य?” योगिताने आवाज आवरून विचारले.

“ऐकू नाय आला.”

तिने किंचित वर चढवला.

“पाछो घांटो! परत ओरडली!”

तिसऱ्यांदा तोंड उघडताना तिला उमगले की ज्या मापाने आपल्याला मोजले जात आहे, ते आवाजाचे माप नाहीच.

“गुस्सो नहीं करवानो, बेन,” साहेब समजुतीने म्हणाले. “चादरी-टुवाल बदलायला जागा छे. तिथे कोणाशी बोलावा नाय लागत.”

योगिताच्या कानशिलांतून वाफ निघाली. ‘मला पाहिजे’ हे उद्धट आणि ‘मला मिळाले तर बरे होईल’ हे सभ्य, असे वर्गात तिच्या डोक्यात ठोकून बसवले होते. सभ्यपणाची सहाच्या सहा रूपे तिने बिनचूक मोजून दिली होती. आता आणखी कोणते रूप उरले होते, ते तरी या लोकांनी सांगावे! तिने मादामकडे तोंड वळवले.

“ज वुद्रे युन रेपाँस, मादाम.” मला उत्तर मिळाले तर बरे होईल.

मादाम हळहळली. “ज वू प्रांद्रे,” ती मऊ आवाजात म्हणाली. माझ्या हाती असते तर मी तुम्हाला घेतले असते. पण ठरवणारी मी नव्हे.

त्या मऊपणाने योगिताचे डोके सणकले. नाणावटींनी निदान दार तोंडावर आपटले होते. ही बाई ते उघडे धरून, आत येणे किती छान झाले असते, असे सांगत होती. काहीही न देता दात्याचा मान मिळवायची इतकी नामी सोय या रूपात असते, हे कोणत्याही पुस्तकाने तिला सांगितले नव्हते. तीन वर्षे ती मागायला शिकली होती; नाकारायलाही तेच रूप वापरतात, हे आज समजले.

“साहेब,” ती म्हणाली, “मला नाकारलं, ते कागदावर द्या.”

“एमां शुं लखवानुं? काय लिहू?”

“ते तुम्ही ठरवा. ठरवणारे तुम्हीच ना?”

शिपायाने पुढच्या मुलीचे नाव पुकारले. ती मुलगी दारात येऊन उभी राहिली. योगिता खुर्चीवरून हलली नाही. साहेबांनी घड्याळ पाहिले, मादामकडे पाहिले, शेवटी एका कोऱ्या कागदावर एकच शब्द ओढून तो पुढे सरकवला आणि पेनाला टोपण लावले.

‘अयोग्य.’

योगिताने तो वाचला आणि कागद परत त्यांच्यासमोर ठेवला.

“कशात अयोग्य? व्याकरणात, आवाजात, की नवागामात? तेवढं लिहा, मी जाते.”

मादाम खिडकीबाहेर बघू लागली. दारातली मुलगीही कान देऊन उभी होती. नाणावटीसाहेबांना टोपण पुन्हा काढावे लागले.